कासवाचं घरटं दत्तक घेतलं आणि 14 घरांना घेऊन बुडाले

कासवाचं घरटं दत्तक द्यायच्या नावाखाली मी फसवली गेले. हे लिहायला मला चार महिने लागले कारण पैसे गेले त्यापेक्षा लाज जास्त वाटत होती. पण मागच्या आठवड्यात मैत्रिणीला अगदी तसाच मेसेज आला, फक्त कासवाच्या जागी गिधाडं होती, म्हणून आता लिहितेच.

मार्च 2024 मध्ये आम्ही वेळासला कासव महोत्सवाला गेलो होतो. कोकणात, मंडणगड तालुका, बाणकोटच्या जवळ, नाना फडणवीसांचं गाव. तिथे गावकऱ्यांच्या घरीच राहायचं, कुळथाचं पिठलं भात खायचा आणि सकाळी 7 आणि संध्याकाळी 6 ला किनाऱ्यावर हजर व्हायचं. कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारे गावकरी, हॅचरीतली (अंडी जपायच्या कुंपणातली) घरट्यावरची टोपली उचलतात, पिल्लं आली असली तर वाळूवर सोडतात आणि ती ऑलिव्ह रिडले जातीची इवलीशी पिल्लं तुरुतुरु समुद्राकडे जातात. दोरीच्या अलीकडे आपण श्वास रोखून उभे. माझी लेक तिसरीत आहे, ती रडलीच, आणि खरं सांगायचं तर मी पण. 2002 च्या आसपास इथे अंडी चोरीला जायची किंवा कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी लागायची, तेव्हा चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला बरोबर घेऊन काम सुरू केलं. हे सगळं ऐकून आलेलं माणूस किती भारावलेलं असतं ते वेगळं सांगायला नको, आणि भामट्याला असंच माणूस हवं असतं.

घरी आल्यावर फेसबुकवर फोटो टाकले. खाली एकाची कमेंट, "ताई खूप छान, आम्ही कोकणात कासवांसाठीच काम करतो". मग मेसेंजर, मग जुलैमध्ये फोन. बोलणं इतकं गोड आणि माहिती इतकी पक्की की शंकाच येऊ नये. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात, 50-55 दिवसांनी पिल्लं येतात, वाइल्डलाइफ अॅक्टमध्ये हे शेड्यूल 1 मधलं, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेलं कासव, सगळं पाठ. म्हणाला घरटी लागली आहेत, एक घरटं दत्तक घ्यायचं 1,500 रुपये, नावाचं सर्टिफिकेट, फोटो आणि 80जी ची, म्हणजे देणगीवर आयकरात सूट मिळवायची पावती. वर आणखी 5,000 दिले तर सॅटेलाइट टॅग लावलेल्या कासवात आपला वाटा, ते कुठे फिरतंय त्याची लिंक मोबाइलवर. हे तर मला लगेच पटलं कारण 2022 मध्ये वेळासच्या 'प्रथमा'ला आणि आणखी चौघींना टॅग लावल्याचं पेपरात वाचलं होतं, पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली तेव्हा लेक रोज विचारायची आज कुठे पोचली. ते टॅग वनखात्याच्या कांदळवन प्रतिष्ठानने आणि डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने लावले होते, त्यात तुमच्या आमच्या 5,000 चा काही संबंध नव्हता हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

आणि मी एकटी फसले असते तर एक वेळ ठीक होतं हो, मी सोसायटीच्या ग्रुपवर मोठ्ठा मेसेज टाकला, दारोदार फिरले. मला धरून 14 घरं, 21,000, वर माझे 5,000. पैसे एका बाईच्या नावाच्या यूपीआयवर गेले. विचारलं तर म्हणे संस्थेचं खातं ऑडिटला आहे. मी ह्यावर "बरं बरं" म्हटलं! भाजीवाल्याशी पाच रुपयांवरून हुज्जत घालणारी मी, पण इथे जास्त विचारलं तर आपल्याला कासवांपेक्षा पैशाची पडलीय असं दिसेल असं वाटलं.

सप्टेंबरमध्ये सर्टिफिकेटं आली. घरटं क्रमांक 47, 112 पिल्लं समुद्रात सोडली, खाली फोटो. मी कौतुकाने लेकीला दाखवलं तर ती म्हणाली, "आई, वेळासचे काका म्हणाले होते ना पावसाळ्यात कासव येत नाही?"

पोटात गोळाच आला. कोकणात घरटी साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत लागतात. 55 दिवसांचं गणित मेल्याने बरोबर जुळवलं होतं, फक्त ऋतू चुकला होता. वेळासला जिथे राहिलो त्या काकूंना फोन केला तर त्या हसायलाच लागल्या, "अगो, इथे दर्या कसा खवळलाय, घरटं कसलं लागतंय आत्ता!" मग फोटो नीट पाहिला, किनारा दिसत नाही इतकी कासवं, शेकड्याने. असं दृश्य ओडिशात गहिरमाथा, ऋषिकुल्याला दिसतं, आमच्या कोकणात मादी एकेकटी रात्री येते, पहाटे कासवमित्र वाळूतला माग काढत चालतो तेव्हा कुठे घरटं सापडतं. तळमजल्यावरच्या ताईंकडे गेले तर त्यांच्या सर्टिफिकेटवर पण 47 आणि 112.

पावतीवरचा 80जी नंबर आयकर खात्याच्या साइटवर टाकून पाहिला, तो भलत्याच संस्थेचा निघाला. (हे पाच मिनिटांचं काम आधी केलं असतं तर.) शिवाय नुसत्या पावतीवर सूट मिळतच नव्हती, संस्थेला फॉर्म 10बीई नावाचं देणगीचं प्रमाणपत्र द्यावं लागायचं, हे सीए भावाने नंतर सांगितलं, आणि नवरा नव्या टॅक्स रेजीममध्ये (तिथे ही सूटच नाही) असल्यामुळे आम्हाला तसाही उपयोग शून्य. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबरच्या पोर्टलवर तक्रार टाकली, नंबर मिळाला, पण पैसे जाऊन दोन महिने झाले होते, तिकडचं खातं रिकामं. पोलीस स्टेशनला हवालदार म्हणाले "कासवाला पैसे दिले?" आणि शेजारच्याकडे बघून हसले. फोन अर्थातच बंद.

सगळ्यांना मी माझ्या खिशातून परत करायला गेले, अर्ध्या लोकांनी घेतले नाहीत, एकजण मात्र अजून लिफ्टमध्ये बोलत नाही. मी आता त्या काकूंनाच विचारते की गावात काय हवंय, आणि तिथे जाऊन राहते, तो पैसा निदान कुठे गेला ते डोळ्यांनी दिसतं.

राहिल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी. त्यांनी आजोबांच्या नावाने घरटं घेतलं होतं आणि ते सर्टिफिकेट फ्रेम करून त्यांच्या फोटोशेजारी लावलंय. त्यांना मी अजून काहीच सांगितलेलं नाही. येत्या मार्चमध्ये त्यांना वेळासला नेणार आहे, पिल्लं गेली की तिथेच सांगेन.