सँक्शन लेटर आधी, फ्लॅट नंतर: बँकेच्या इन-प्रिन्सिपल सँक्शनचा रिव्ह्यू (पुणे, रिसेल)

रिसेल फ्लॅटची ऑफर देताना बँकेचं लोन सँक्शन लेटर (म्हणजे फ्लॅट ठरायच्या आधीच मिळणारं तत्त्वतः कर्जमंजुरीचं, इन-प्रिन्सिपल पत्र) सोबत लावावं का, हे मला हल्ली बरेच जण विचारतात कारण आम्ही तसं केलं होतं, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो. लावा. फक्त तो कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही हे आधी समजून घ्या, नाहीतर तो तुमच्यावरच उलटतो. बँक सरकारी होती, नाव सांगत नाही, कारण असे अनुभव ब्रँचप्रमाणे बदलतात आणि खाली मी थोडं वाईटही बोलणार आहे.

आधी कुठल्या लेटरबद्दल बोलतोय ते. सॅलरी अकाउंट असलं की बँकेच्या अ‍ॅपवर 'तुमच्यासाठी इतक्या लाखांचं प्री-अप्रूव्ड होम लोन' असा बॅनर सारखा दिसत असतो ना, त्याचा स्क्रीनशॉट म्हणजे सँक्शन नाही, ती जाहिरात आहे. एका प्रायव्हेट बँकेच्या अ‍ॅपवरून मी तसलं पत्र डाउनलोड करूनही पाहिलं, दोन मिनिटात येतं, लेटरहेड वगैरे झकास, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की उत्पन्नाची पडताळणी बाकी, कागदपत्रं बाकी, म्हणजे थोडक्यात सगळंच बाकी. ब्रोकरला दाखवलं तर म्हणाला, "सर, हे तर सगळ्यांकडेच असतं."

खरं पत्र यायला फाइल लॉगिन करावी लागते, म्हणजे बँकेत रीतसर अर्ज टाकावा लागतो. फॉर्म १६, सॅलरी स्लिपा, बँक स्टेटमेंट, चालू असलेल्या कार लोनचे कागद, बायको को-अ‍ॅप्लिकंट म्हणून तिचेही हे सगळे कागद परत वेगळे, मग बँक सिबिल (आपल्या कर्जफेडीचा स्कोअर) काढते, ऑफिसात फोन जातो, घरी माणूस येऊन नावाची पाटी बघून जातो. त्यानंतर जे पत्र मिळतं त्यात रक्कम, मुदत, रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला जोडलेला व्याजदर आणि व्हॅलिडिटी असते, बहुतेक बँकांची तीन ते सहा महिने. आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ, जी कोणी वाचत नाही, ती म्हणजे प्रॉपर्टीचा लीगल आणि टेक्निकल रिपोर्ट (कागदांची आणि बांधकाम-किमतीची तपासणी) क्लिअर आला तरच पैसे.

कोथरूडला आम्ही जो फ्लॅट बघितला तिथले मालक, काका, स्वतः बँकेतून रिटायर झालेले. त्यांना आधीच्या एका पार्टीने टोकन दिलं होतं आणि मग त्या माणसाचं लोन बसेना, हप्ते आधीच खूप चालू होते, तोपर्यंत काकांनी बाकीच्या लोकांना नाही सांगून टाकलेलं. त्यामुळे आता "लोनवाली पार्टी नको" असंच ब्रोकरला बजावलेलं. आम्ही पत्र पुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, अटींचं मागचं पानसुद्धा, आणि म्हणाले, "हे तुझं प्रगतिपुस्तक झालं. माझ्या घराचं अजून व्हायचंय." एवढं अचूक मला लोन ऑफिसरनेही सांगितलं नव्हतं. पण बोलणी सुरू झाली ती त्या कागदामुळेच, आणि रोख सगळे पैसे देणारी एक पार्टी रांगेत असतानाही त्यांनी आम्हाला थांबायला वेळ दिला. सर्व्हिसला या एका गोष्टीचे पूर्ण मार्क.

आता पैशाचं, कारण पत्र असूनही लोक इथेच गडबडतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या लोनला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या लोनला ८० टक्के आणि ७५ च्या वर ७५ टक्के, आणि या किमतीत स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन सहसा धरत नाहीत. समजा फ्लॅट ८० लाखांचा. लोन जास्तीत जास्त ६४. तुमचे १६. त्यावर पुण्यात स्टॅम्प ड्युटी सगळे सेस धरून ७ टक्के म्हणजे ५ लाख ६० हजार (फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का कमी), रजिस्ट्रेशनचे ३० हजार, ब्रोकरचा १ टक्का धरला तर ८० हजार. झाले २२ लाख ७० हजार खिशातून, अजून सोसायटी ट्रान्सफर, वकील आणि रंगरंगोटी बाजूलाच आहे. सँक्शन लेटरवर ७० लाख लिहिलंय म्हणून ७० मिळणार असं धरून चालणारे लोक मी पाहिलेत. ७० ही तुमची ऐपत आहे, फ्लॅटची नाही.

त्यात परत बँकेचा व्हॅल्युअर. तो येऊन फुटं मोजतो, बिल्डिंगचं वय विचारतो, आणि समजा त्याने किंमत ७४ लाखच धरली तर बँक करारातली आणि व्हॅल्युएशनची यातली कमी असेल ती पकडते, म्हणजे ८० टक्क्यांनी ५९ लाख २० हजार, आणि जवळपास पाच लाखांचा खड्डा तुम्ही भरायचा. विकणारा याच्यात काही कमी करत नाही, का करेल. जुन्या बिल्डिंगमध्ये रिडेव्हलपमेंटची चर्चा असली की मालक लोक भाव त्या हिशोबाने सांगतात आणि व्हॅल्युअर आज उभ्या असलेल्या भिंतींचा भाव लावतो, तिथे हा खड्डा सगळ्यात मोठा पडतो.

लेटर दाखवण्याचा एक फायदा मला आधी कोणी सांगितला नव्हता, तो म्हणजे ब्लॅकचा विषय पहिल्याच भेटीत निघतो. सिंहगड रोडला एका ठिकाणी मालक म्हणाले की १५ कॅशमध्ये द्या, अ‍ॅग्रीमेंट ६५ चं करू. आता ६५ चे ८० टक्के ५२, म्हणजे लोन १२ लाखांनी कमी आणि खिशातून १६ च्या जागी २८ जाणार, वर घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड लागू शकतो तो वेगळा. लेटर टेबलावर ठेवलं की "आमचा सगळा व्यवहार बँकेतून" हे वेगळं सांगायची लाज वाटत नाही. ते प्रकरण तिथेच मिटलं, चहा मात्र चांगला होता.

फ्लॅटच्या बाजूचं काय, हा माझ्या मते खरा मुद्दा आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. सगळे विचारतात घेणाऱ्याने लोनचा पुरावा द्यावा का, विकणाऱ्याने 'माझ्या घराला लोन बसतं' याचा पुरावा द्यावा का हे कोण विचारणार? धायरी, आंबेगाव, धानोरीकडे गुंठेवारीतल्या (जमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून बांधलेल्या) कितीतरी बिल्डिंगी आहेत, दिसायला नव्या, लिफ्ट, पार्किंग सगळं, पण मंजूर नकाशा नाही, भोगवटा पत्र (बिल्डिंग वापरायला हरकत नाही असा दाखला) नाही. तिथे ब्रोकरला विचारलं "लोन होतं ना?" तर उत्तर येतं "होतं की सर, आपला माणूस आहे, करून देतो." या वाक्याचा अर्थ असा की मोठ्या बँका करत नाहीत, एखादी फायनान्स कंपनी चढ्या व्याजाने करते. अशा फ्लॅटसमोर तुमचं सरकारी बँकेचं लेटर कितीही लाखांचं असो, रद्दीच.

म्हणून आम्ही ऑफर देताना आमचं लेटर दिलं आणि त्याच वेळी समोरून कागदांचा सेट मागितला. पहिल्या करारापासूनची सगळी चेन, प्रत्येकाचा इंडेक्स टू (नोंदणी ऑफिसचा करारनोंदीचा उतारा), भोगवटा पत्र, मंजूर नकाशा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, टॅक्सची पावती, आणि त्यांचं लोन चालू असेल तर त्यांच्या बँकेचं फोरक्लोजर लेटर (लोन बंद करायला किती बाकी ते सांगणारं) आणि तिथे जमा असलेल्या कागदांची यादी. काकांनी फाइल काढून दिली, बँकवाला माणूस, अनुक्रमणिकेसकट. बाकी ठिकाणी "टोकन द्या मग कागद" असं ऐकलं आणि आम्ही उठलो. अजून एक सोपी ट्रिक, त्याच बिल्डिंगमधल्या दोन-तीन शेजाऱ्यांना विचारा तुमचं लोन कुठल्या बँकेचं. तुमच्याच बँकेने तिथे आधी लोन दिलेलं असेल तर निम्मं टेन्शन गेलं.

आता बँकेच्या सर्व्हिसवर येतो. ब्रँचचा स्टाफ चांगला, खरंच, पण फाइल ब्रँचमध्ये होतच नाही, ती जाते होम लोनच्या सेंट्रल प्रोसेसिंगला आणि तिथे कोणाचा फोन लागत नाही. मधेच आमचा ऑफिसर बदलला आणि नव्याने तेच कागद परत मागितले, मेलवर पाठवलेले असून. प्रोसेसिंग फी परत मिळत नाही हे तोंडी कोणी सांगत नाही, फॉर्मवर असतं. त्यामुळे चार बँकांत एकदम फाइल टाकायचा मोह आवरा, चार ठिकाणी पैसेही जातात आणि सिबिलवर चार एन्क्वायऱ्याही दिसतात. व्याजदराचा कागद मात्र नीट दिला, सगळे चार्जेस एका पानावर, हे आता सगळ्या बँकांना द्यावंच लागतं तरी मागून घ्या.

सगळ्यात जास्त वाद घालावा लागला तो रकमेवरून. आमची मर्यादा ऑफरपेक्षा बरीच वर निघाली होती. ते आकडे विकणाऱ्याला दाखवायचे म्हणजे आपणच सांगतोय की अजून ताणा, माझ्याकडे आहेत. न्यू जर्सीतली माझी मावसबहीण म्हणाली की तिकडे ऑफरसोबत प्री-अप्रूव्हल लेटर जोडायची पद्धतच आहे आणि तिच्या एजंटने लेटर बरोब्बर ऑफरच्या रकमेचं करून घेतलं होतं. मी ब्रँचला म्हणलं मला कमी रकमेचं पत्र द्या. ऑफिसर माझ्याकडे असा बघायला लागला की जणू पगार कमी करा म्हणतोय. "सिस्टिममध्ये जेवढं सँक्शन तेवढंच छापून येतं." शेवटी मॅनेजर मॅडमनी साध्या लेटरहेडवर दोन ओळी दिल्या की अमुक अर्जदारांना ५८ लाखांपर्यंतचं गृहकर्ज तत्त्वतः मंजूर आहे, प्रॉपर्टीच्या कागदांच्या अधीन राहून. हीच सोय बँकांनी अ‍ॅपमध्ये द्यायला हवी, रक्कम टाका आणि पत्र घ्या. आज ती मॅडमच्या मूडवर आहे, म्हणून इथे एक स्टार कापला.

टोकनची पावती करताना आमचं लेटर परत कामाला आलं. ब्रोकरच्या छापील विसार पावतीत 'व्यवहार मोडल्यास टोकन जप्त' एवढंच होतं. आम्ही लिहून घेतलं की फ्लॅटच्या कागदांमुळे बँकेने लोन नाकारलं तर टोकन पूर्ण परत, आमच्या उत्पन्नामुळे किंवा सिबिलमुळे नाकारलं तर काकांनी ठरलेली रक्कम कापून घ्यावी. ब्रोकरला हे आवडलं नाही. काका म्हणाले, "बरोबर आहे, ज्याचा कागद कच्चा त्याने भरावं," आणि सही केली. आमच्या बाजूचा कागद आधीच पक्का होता म्हणून ही अट मागायला तोंड होतं.

हे सगळं नोकरीवाल्यांसाठी सोपं आहे हेही सांगायला हवं. माझ्या एका मित्राचं किराणा दुकान आहे, रिटर्न व्यवस्थित भरतो, त्याला दोन ब्रँचनी सांगितलं की आधी प्रॉपर्टी फायनल करा मग फाइल घेतो, आणि प्रॉपर्टीवाले म्हणतात आधी लोनचं सांगा. अशा माणसाला लेटर नाही म्हणून दारातूनच परत पाठवणारे मालक चुकतात असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचे रिटर्न आणि सिबिल रिपोर्ट बघा, मार्जिनच्या, म्हणजे खिशातून भरायच्या रकमेची एफडी बघा, तेवढ्यावरून माणूस कळतो. आणि "आम्हाला लोन लागतच नाही" म्हणणाऱ्या पार्टीकडेही पुरावा मागाच, तिथे तर नुसत्या शब्दावर लोक महिनोन्‌महिने थांबतात.

एकूण सर्व्हिसला पाचपैकी साडेतीन. लेटर हवंच हवं, पण घेतलंत तर ब्रोकरला व्हॉट्सअ‍ॅपवर अख्खी पीडीएफ पाठवू नका. त्यावर पगार, पॅन, अ‍ॅप्लिकेशन नंबर, घरचा पत्ता सगळं असतं आणि ब्रोकर लोकांचे ग्रुप केवढे असतात ते माहितीये. नाव, रक्कम, बँकेचा शिक्का आणि तारीख एवढं ठेवून बाकी झाकून प्रिंट काढा आणि मालकालाच हातात दाखवा. मी काकांना ओरिजिनल दाखवून लगेच परत फाइलमध्ये ठेवलं, त्यांनीही कॉपी मागितली नाही.