पोस्टफिक्स-डोव्हकॉटवर कंपनीचा मेल, १४ महिने वापरल्यानंतर

पहिल्याच महिन्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक झालं असतं आणि चौथ्या महिन्यात नुसत्या शिव्या. आता १४ महिने झालेत, दोन्ही ओसरलंय, म्हणून लिहितोय.

सेटअप साधा आहे. साधारण २६० मेलबॉक्स, लिनक्सची डेबियन १२, मेल घ्यायला-पाठवायला पोस्टफिक्स, आयमॅपला म्हणजे लोकांना त्यांचा मेलबॉक्स उघडून द्यायला डोव्हकॉट, स्पॅमसाठी आरस्पॅमडी आणि वर एक वेबमेल-कॅलेंडर. आधी सगळं एकत्र असलेलं तयार पॅकेज होतं, दिसायला झकास, पण मेल अडकला की नेमका कुठे अडकला ते त्याच्या स्क्रीनवर कधीच कळायचं नाही. मुख्य वैताग तोच होता.

त्यामुळे सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे लॉग, सर्व्हर स्वतः लिहून ठेवतो त्या नोंदी. प्रत्येक मेलला क्यू आयडी, म्हणजे रांगेतला नंबर मिळतो, तो धरून ग्रेप मारला, म्हणजे लॉगमध्ये शोधला की कोणी पाठवला, कुठे गेला, समोरच्या सर्व्हरने काय उत्तर दिलं, सगळं अक्षरशः समोर. अकाउंट्समधून फोन येतो, "अहो मी पाठवलाय, त्यांना मिळालाच नाही म्हणतायत", पूर्वी यावर अर्धा दिवस जायचा, आता दोन मिनिटांत सांगतो की त्यांच्या सर्व्हरने ११:४२ ला २५० दिलंय म्हणजे मेल घेतलाय, त्यांना स्पॅम फोल्डर बघायला सांगा. निम्मे फोन इथेच संपतात.

पण डीफॉल्ट सेटिंग जसंच्या तसं ठेवू नका. समोरचा सर्व्हर तात्पुरतं नाही म्हणाला किंवा उचलतच नसेल तर पोस्टफिक्स मेल डिफर्ड क्यूमध्ये, म्हणजे थांबलेल्या मेलच्या रांगेत ठेवतं, आधी पाच मिनिटांनी, मग वाढत वाढत साधारण तासाभराच्या अंतराने परत परत प्रयत्न करतं, आणि असं ५ दिवस चालतं. हे चांगलंच आहे, समोरच्याचा सर्व्हर दिवसभर बंद असला तरी मेल हरवत नाही. गोची अशी की या ५ दिवसांत पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही, उशीर होतोय हे कळवणारं सेटिंग मुळात शून्यावर, म्हणजे बंद असतं. आमच्या एका बाईंनी डोमेनमध्ये एक अक्षर चुकवलं, आणि ते चुकीचं डोमेनही अस्तित्वात होतं, फक्त तिथे पोर्ट २५ वर, म्हणजे मेल घेण्याच्या दारावर, ऐकणारं कोणी नव्हतं. कोटेशनची तारीख गेली आणि मग पाचव्या दिवशी बाउन्स, म्हणजे मेल पोचला नसल्याचा निरोप आला. त्या दिवसापासून ४ तासांनी सूचना जाते. तसंच साइजचं, मर्यादा सुमारे १० एमबी दिसते पण अटॅचमेंट मेलमध्ये बेस६४ नावाच्या अक्षरी रूपात जाते आणि एक तृतीयांशाहून जास्त फुगते, म्हणजे ८ एमबीची फाइलसुद्धा जात नाही आणि लोक म्हणतात सर्व्हर खोटं बोलतो. लोकांचं चूक नाही.

डोव्हकॉटबद्दल एकच तक्रार होती आणि तीही वाचलं नव्हतं म्हणून. एका युजरला एका आयपीवरून १० च कनेक्शन, हे डीफॉल्ट. थंडरबर्ड एकटाच ५ पर्यंत उघडतो. एकाच माणसाच्या डेस्कटॉपवर थंडरबर्ड, लॅपटॉपवर थंडरबर्ड, झाले १०, आणि खिशातला फोन त्याच ऑफिसच्या वायफायवर, तो अकरावा. साहेबांचा मेल फोनवर घरी चालतो आणि ऑफिसात चालत नाही, दोन दिवस मी वायफायवाल्यांशी भांडत होतो! लॉगमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं. आता ३० केलंय. बाकी शोध, फोल्डर, शेअर्ड मेलबॉक्स, कुठेही कुरकुर नाही. कोणी चुकून अख्खा फोल्डर उडवला तर बॅकअपमधून तेवढाच फोल्डर डोव्हअॅडम या डोव्हकॉटच्याच कमांडने परत आणता येतो, हे तीनदा केलंय आणि तिन्ही वेळा चहा थंड व्हायच्या आत झालं.

आता सगळ्यात महागात पडलेला किस्सा. आम्ही पोस्टफिक्समध्ये स्पॅमहाउस या संस्थेची स्पॅम टाकणाऱ्या आयपींची यादी लावली होती, ती डीएनएसमधून विचारली जाते, यादीत आयपी सापडला की मेल नाकारायचा. पाच-सहा महिने उत्तम चाललं. मग नेटवर्क बदलताना सर्व्हरचा डीएनएस रिझॉल्व्हर, म्हणजे डीएनएसमधून उत्तरं आणून देणारा, आमच्याच हातून सगळ्यांसाठी खुला असलेला पब्लिकवाला झाला. स्पॅमहाउस पब्लिक रिझॉल्व्हरमधून विचारलेल्या प्रश्नाला यादीतलं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा एरर कोड देतो, म्हणजे "बाबा रे, या वाटेने विचारू नकोस". पण आमच्या नियमात कोणतं उत्तर धरायचं ते लिहिलेलंच नव्हतं, त्यामुळे पोस्टफिक्सच्या लेखी कुठलंही उत्तर आलं की माणूस यादीत! सकाळी तीन तास बाहेरून येणारा झाडून सगळा मेल ५५४ देऊन परत. आणि ५५४ म्हणजे कायमचा नकार, पाठवणारा सर्व्हर परत प्रयत्न करत नाही, ४५० दिला असता तर सगळे मेल दुपारपर्यंत आपोआप आले असते. चूक शंभर टक्के आमची. आता सर्व्हरवरच स्वतःचा रिझॉल्व्हर, अनबाउंड, चालतो, नियमात उत्तराचे आकडे नेमून दिलेत, आणि कुठलाही नवा नियम लावताना आधी काही दिवस सॉफ्ट बाउन्स चालू ठेवतो, म्हणजे कायमचा नकारसुद्धा तात्पुरता होऊन जातो. हे सेटिंग माहीत असूनही वापरत नव्हतो, हे जास्त लागलं.

आरस्पॅमडी बेस्ट आहे, पण पहिले दोन आठवडे त्याच्यावर रागावू नका. त्याचं बेझवालं, म्हणजे शब्दांवरून स्पॅम ओळखायचं शिकणं २०० चांगले आणि २०० स्पॅम मेल दाखवल्याशिवाय सुरूच होत नाही. ४ गुणांना मेल "थोड्या वेळाने परत या" म्हणून तात्पुरता नाकारतो, ६ ला स्पॅमचा शिक्का, १५ ला नकार, हे आकडे मी हलवलेच नाहीत. लोकांनी मेल जंकमध्ये ओढला की तो शिकतो, असं जोडून दिलंय. फक्त एक, कोणाच्या तरी चोरीला गेलेल्या खऱ्या खात्यावरून फिशिंग आलं तर एसपीएफ (त्या डोमेनच्या नावाने कोणी पाठवायचं ती यादी), डीकिम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (या दोन्हींत नापास मेलचं काय करायचं तो नियम) सगळं पास होतं, कारण मेल खरंच तिथूनच आलेला असतो. असाच एक आला, आमच्यातल्या एकाने पासवर्ड टाकला, आणि रात्रीतून क्यूमध्ये १८ हजार मेल. घाईत अख्खी क्यू रिकामी करू नका, त्यात बाकीच्यांचे खरे मेलही असतात, आधी सगळं होल्डवर टाकून त्या खात्याचेच शोधून उडवा. क्यू तासात साफ झाली पण आयपीची अब्रू परत यायला दोन आठवडे लागले, तोवर आमची बिलं लोकांच्या स्पॅममध्ये. आता प्रत्येक खात्याला तासाची मर्यादा आहे. ती पहिल्या दिवशीच लावायला हवी होती.

डीएनएसचं थोडक्यात. एसपीएफमध्ये १० च लुकअप, म्हणजे डीएनएसला विचारणा चालतात, आणि दुसऱ्याची यादी जोडणारा प्रत्येक इन्क्लूड त्यात मोजला जातो, पगारवाले, मार्केटिंगवाले, तिकीटवाले प्रत्येक जण "आमचा एक इन्क्लूड टाका ना" म्हणतो आणि अकराव्याला सगळंच मोडतं, म्हणून मी आता सरळ नाही म्हणतो, सबडोमेन घ्या म्हणतो. २०४८ बिटची डीकिम की डीएनएसच्या एका तुकड्याच्या २५५ अक्षरांत मावत नाही, तुकडे करून टाकावी लागते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल दिवसाला ५००० च्या वर मेल टाकणाऱ्यांना आणि याहू घाऊक मेल टाकणाऱ्यांना डीमार्कशिवाय उभं करत नाहीत, आम्ही तेवढे पाठवत नाही तरी तीन महिने डीमार्कचे रिपोर्ट वाचून मगच ते क्वारंटाइनवर, म्हणजे नापास मेल स्पॅममध्ये टाका यावर नेलं. रिपोर्ट वाचताना कळलं की एक जुना स्कॅनर आमच्या नावाने थेट बाहेर मेल टाकतोय, कोणालाच माहीत नव्हतं.

कॅलेंडर मात्र... चालतं. फोनवर छान चालतं. पण आउटलुकला कॅलडॅव, म्हणजे सर्व्हरवरचं कॅलेंडर जुळवायची पद्धत, स्वतःहून येत नाही, ॲड-इन लागतं, आणि मीटिंग रूम बुक करणं, दुसऱ्याचं कॅलेंडर बघणं यात आधीच्या पॅकेजची मजा नाही. तुमच्याकडे दिवसाला पन्नास मीटिंगा पडत असतील तर या वाटेला जाऊ नका, खरंच.

आणि वेळ किती जातो म्हणाल तर शांत आठवड्यात दोनेक तास, वाईट आठवड्यात झोप. कंपनीत लॉग वाचायची आवड असलेला निदान एक माणूस पाहिजे, आणि तो रजेवर गेला तर दुसरा.

सध्या डोकं खातंय ते डोव्हकॉट २.४. डेबियन १३ मध्ये तेच येतं, जुनी कॉन्फिग त्याला चालत नाही, आणि दोन मशीनवर मेल सारखा ठेवणारं रेप्लिकेशन, ज्याच्या भरवशावर आमची दुसरी मशीन उभी आहे, ते त्यात काढूनच टाकलंय. त्यामुळे अजून १२ वरच बसलोय. टेस्ट मशीनवर कॉन्फिग नव्याने लिहायला घेतली आहे, आयमॅपचा भाग झालाय, दुसऱ्या मशीनचं काय करायचं ते ठरायचंय.