ब्लूज ज्युनियर अ‍ॅम्पसोबत आयबानेझ टीएस ९ : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आयबानेझ टीएस ९ हे ओव्हरड्राइव्ह पेडल आहे, म्हणजे इलेक्ट्रिक गिटार आणि अ‍ॅम्प यांच्यामध्ये जोडायची, आवाजाला जोर आणि थोडी खरखर देणारी, पायाने चालू-बंद करायची डबी. माझा अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारे यंत्र) फेंडरचा ब्लूज ज्युनियर आहे. १५ वॅटचा, १२ इंची स्पीकरचा, व्हॉल्व्हवर (जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्यांवर) चालणारा. त्यावर स्ट्रॅटोकास्टर गिटारचा स्वच्छ आवाज लख्ख उमटतो, पण बेस गिटार आणि ड्रम सुरू झाले की सोलो त्यांच्याखाली दबतो आणि आवाज वाढवावा तर ट्रेबल (वरच्या पट्टीचा आवाज) कानाला टोचू लागते.

आधी केवळ व्हिडिओ ऐकून घेतलेले एक पेडल मला महिनाभरात विकावे लागले. ते वाईट नव्हते. त्यात ट्रेबल भरपूर होते इतकेच, आणि ट्रेबलची माझ्या अ‍ॅम्पला मुळीच वाण नव्हती. म्हणून दुसऱ्या खेपेस अ‍ॅम्पमध्ये काय कमी पडते ते आधी पाहिले आणि टीएस ९ घेतला.

या सर्किटमध्ये सुमारे ७२० हर्ट्‌झच्या खाली गेन (सिग्नल किती पटीने वाढतो ते प्रमाण) उतरत जातो आणि टोनचा फिल्टर वरची धार कमी करतो, त्यामुळे मिडला (मधल्या पट्टीच्या आवाजाला) उठाव येतो; फेंडरच्या स्वच्छ आवाजात नेमके मिडच दबलेले असतात. शिवाय क्लिपिंगचे, म्हणजे सिग्नलची टोके छाटून तो विकृत करणारे, डायोड ऑप-अ‍ॅम्प या सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या फीडबॅकमध्ये असल्याने मूळ सिग्नलही सोबत बाहेर पडतो आणि पिकचा हलका-जड आघात पुसला जात नाही.

हे जमायला मात्र दोन महिने लागले. सुरुवातीला मी ड्राइव्ह (विकृती वाढवणारे बटण) बराच वर ठेवत असे आणि डब्यात कोंडलेल्या गांधीलमाशीसारखा आवाज काढून पेडललाच दोष देत असे. आता ड्राइव्हच्या बटणाची खूण घड्याळाच्या काट्यासारखी ९ वर, लेव्हल (बाहेर पडणाऱ्या आवाजाची पातळी) २ वर आणि टोन मध्याच्या किंचित खाली असतो. म्हणजे पेडल स्वतः फारसे विकृत होत नाही, तर अ‍ॅम्पच्या पहिल्या व्हॉल्व्हला ढकलते. अ‍ॅम्पचा मास्टर (एकूण आवाजाचे बटण) खाली ठेवता येत असल्याने हे फ्लॅटमध्येही शेजाऱ्यांशी वैर न घेता साधते.

उणीव एकच, पण खरी : जाड तारांवरचे कॉर्ड बारीक वाटतात. दुसरा गिटारवादक नसला की साथीच्या वेळी मी पेडल बंदच करतो.

सरावाच्या भाड्याच्या खोलीत मार्शल कंपनीचा अ‍ॅम्प आहे. तिथे मिड आधीच पुढे असल्यामुळे हीच मांडणी सर्दी झाल्यासारखी नाकातून बोलू लागली. त्याच्या गेन चॅनेलवर (विकृत आवाजाच्या बाजूवर) ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणला, तेव्हा रिफमधला (पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या छोट्या सुरावटीतला) खालच्या पट्टीचा आवाज आवळला जाऊन ती उपयोगी ठरली. स्वच्छ चॅनेलवर मात्र मी हे पेडल तिथे लावत नाही.