‘माल उरलाय, स्वस्तात खड्डे बुजवून देतो’ म्हणत कोणी आलं तर आधी हे वाचा

आमच्या गल्लीत जे झालं ते मुद्दाम लिहितेय, कारण पाऊस ओसरला की ही माणसं फिरायला लागतात आणि मागच्याच आठवड्यात माझ्या मावशीच्या सोसायटीतही असाच एकजण चौकशी करून गेलाय.

आम्ही पुण्यात धायरीला राहतो, गल्लीत 14 घरं. खड्डे 11, मी स्वतः मोजलेले. समोरच्या काकू सकाळी दूध आणायला गेल्या आणि त्यातल्याच एकात पडल्या, मनगट प्लॅस्टरमध्ये, त्यामुळे सगळेच वैतागलेले. त्यात दिवाळीच्या चार दिवस आधी एक माणूस आला, नारिंगी जॅकेट, हातात मोजायची टेप. म्हणाला, ताई पुढे हायवेला आमचं काम चालूय, चार टन गरम माल उरलाय, गार झाला की फेकूनच द्यायचा, 21 हजारात सगळे खड्डे करून देतो. घरटी 1500 पडत होते, मीच दारोदार जाऊन वर्गणी काढली, सगळ्यात आधी काकूंनी दिले, पेन्शनच्या पाकिटातून, डाव्या हाताने मोजून.

15 हजार आधीच दिले, यूपीआयने. माझं लिमिट संपलंय, ड्रायव्हरच्या नंबरवर टाका म्हणाला. स्क्रीनवर नाव तिसऱ्याचंच आलं तेव्हाच थांबायला हवं होतं.

माल आला छोटा हत्तीतून, दोन खेपा. एक पोरगा तो काळा माल चक्क उघड्या हातांनी खड्ड्यात लोटत होता आणि मी समोर उभी राहून बघत होते, वाफ नाही, डांबराचा वास नाही, गॅरेजमध्ये येतो तसा जळक्या ऑइलचा वास. खड्ड्यातली माती आणि गढूळ पाणी तसंच ठेवून वरून भरलं, रोलर मागून येतोय म्हणत टेम्पोचंच चाक फिरवलं, उरलेले 6 हजार रोख घेतले आणि गेले. रोलर आला नाही, फोन रात्रीपासून बंद.

तिसऱ्या दिवशी पाऊस झाला आणि सगळं वर आलं. गल्लीभर कच, घराघरात चपलांना चिकटून काळं तेल, पार्सलवाल्या मुलाची गाडी घसरून गुडघा फुटला. खड्डे होते तेव्हा निदान दिसत तरी होते हो.

माझे दीर रस्त्याच्या कामावर असतात, ते बघून म्हणाले ही खरडलेल्या जुन्या रस्त्याची कच आणि जळकं ऑइल आहे. खरा हॉटमिक्स, म्हणजे गरम डांबरी माल, प्लांटमधून दीडशे डिग्रीच्या आसपास निघतो, ताडपत्री टाकून डंपरमधून येतो, त्याला हात लावूच शकत नाही. आणि छोटा हत्तीत जेमतेम पाऊण टन बसतो, मग दोन खेपांत चार टन येणार कुठून, हे साधं गणित आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. खड्डा आधी चौकोनी कापायचा, झाडून कोरडा करायचा, डांबराचा हात मारायचा, मग माल भरून दाबायचा, एवढं केल्याशिवाय तो टिकत नाही.

रस्ता महापालिकेचा असेल तर वर्गणी काढूच नका. फोटोसकट तक्रार टाका, नंबर जपून ठेवा, आणि रस्ता दोष दायित्वाच्या मुदतीत (काम झाल्यावर ठेकेदार जबाबदार असतो तो काळ) आहे का विचारा, असेल तर ठेकेदाराला तो फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो. खड्ड्यामुळे जीव गेला तर 6 लाख आणि जखमीला 50 हजार ते अडीच लाख भरपाई द्या असं मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये सांगितलंय, म्हणजे काकूंच्या दवाखान्याची बिलंसुद्धा आम्ही जपून ठेवायला हवी होती, ती टाकून दिली. ले-आऊटचा खाजगी रस्ता असेल तर लेखी कोटेशन घ्या, मालाची काटा पावती, म्हणजे वजनाची पावती, बघा आणि पैसे एक पाऊस झाल्यावर द्या.

पोलीस चौकीत गेलो तर पहिला प्रश्न, गाडीचा नंबर काय. 14 घरांतल्या एकानेही फोटो काढला नव्हता. तुम्ही काढा, माणूस गोड बोलत असला तरी आधी फोटो काढा.