चित्राखालची पट्टी: चित्रकार्डांच्या संचाचा आठ महिन्यांचा अनुभव

चाकण परिसरातील वाहनांच्या सुट्या भागांच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्स विभागाची अकरा माणसांची तुकडी सांभाळतो. गेल्या पावसाळ्यात एका हायड्रॉलिक प्रेसचे ऑइल सील फुटले आणि लाईन दीड शिफ्ट बंद राहिली. नंतरच्या बैठकीत मी "कुणाला काही सांगायचे आहे का?" असे विचारले, तेव्हा सगळे आपापल्या वहीकडे पाहत राहिले, त्याच संध्याकाळी चहाच्या टपरीवर मला कळले, की सिलिंडरखाली तेलाचे थेंब पडत आहेत हे दोघा फिटरना तीन आठवड्यांपासून ठाऊक होते. मला न सांगण्याचे कारण तेलात नव्हते, बैठकीत होते. त्याच आठवड्यात मी चित्रकार्डांचा हा संच २,८५० रुपयांना, स्वतःच्या खिशातून मागवला.

कार्डे टेबलावर पसरायची, एक प्रश्न ठेवायचा, प्रत्येकाने न बोलता एक चित्र उचलायचे आणि त्या चित्राच्या आधाराने बोलायचे, ही पद्धत बहुतेकांना माहीत असेल. आमचा सोमवारचा प्रश्न साधा असतो: "गेला आठवडा या चित्रांपैकी कशासारखा होता?" मी शेवटी बोलतो, आणि दुसऱ्याच्या चित्राचा अर्थ कुणी लावायचा नाही, एवढे दोनच नियम आहेत.

आता तक्रारीकडे येतो, कारण ती मला आजही सलते. या संचात प्रत्येक चित्राखाली दीड सेंटीमीटरची पांढरी पट्टी आहे आणि तिच्यावर इंग्रजीत एक शब्द छापलेला आहे. दीपस्तंभाखाली 'गाइडन्स' (मार्गदर्शन), वाळवंटातील पाऊलवाटेखाली 'पर्सिव्हिअरन्स' (चिकाटी), जहाजाच्या नांगराखाली 'स्टॅबिलिटी' (स्थैर्य). पहिले सहा आठवडे आमच्या माणसांनी चित्रे पाहिलीच नाहीत, शब्द वाचले. डिप्लोमा झालेल्या मुलांनी चांगले दिसणारे शब्द उचलले आणि दोन-दोन वाक्यांची भाषणे केली. ज्यांना इंग्रजी वाचायला वेळ लागतो, ते उरलेले कार्ड घेऊन "ठीक होता आठवडा" म्हणून मोकळे झाले. बोलण्याची भीती घालवण्यासाठी आणलेल्या वस्तूने वाचण्याची भीती तेवढी आणली. चित्राचा अर्थ आधीच सांगून टाकला, तर पाहणाऱ्याने काय पाहायचे? ओएच कार्ड्स या याच प्रकारच्या जुन्या संचात ८८ चित्रे आहेत आणि ८८ शब्दही आहेत, पण ते वेगवेगळ्या पत्त्यांवर आहेत आणि चित्राचा पत्ता शब्दाच्या मोठ्या पत्त्यावर ठेवायचा असतो. कोणते चित्र कोणत्या शब्दाच्या चौकटीत पडेल हे त्या त्या वेळी ठरते, त्यामुळे शब्द चित्राला बांधून ठेवत नाही. आमच्या संचाच्या निर्मात्यांनी नेमकी तीच गाठ पक्की मारली आहे.

आधी मी पट्ट्यांवर कागदी टेप लावली. तेलकट हातांमुळे ती पंधरा दिवसांत सुटू लागली. मग गावातील एका बाईंडरकडे जाऊन १२० रुपयांत सगळ्या पट्ट्या कटिंग मशीनवर कापून घेतल्या. त्याने गठ्ठा मोजला तेव्हा लक्षात आले, की खोक्यावर ६४ चित्रे असे लिहिले असले तरी तीन चित्रे दुबार आली आहेत, म्हणजे प्रत्यक्षात ६१ चित्रेच आहेत. विक्रेत्याला दोन मेल आणि तीन फोन केल्यावर उत्तर आले, की संपूर्ण संच मूळ स्थितीत, माझ्या खर्चाने परत पाठवावा. मूळ स्थितीत तो असता तर मी तो वापरूच शकलो नसतो, हे मी त्यांना लिहिले. पुढे उत्तर आले नाही. घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी, काहीही कापण्याआधी, कार्डे मोजून घ्यावीत.

पट्ट्या गेल्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी वाशीम जिल्ह्यातील आमच्या एका फिटरने नांगराचे चित्र उचलले. वर्षभरात बैठकीत तो आपणहून बोलल्याचे मला आठवत नाही. तो म्हणाला, "साहेब, हा गळ आहे. विहिरीत घागर पडली की आमच्याकडे असाच गळ टाकतात. पण गळ घाईने फिरवला की गाळ उठतो आणि घागर दिसत नाही. बिघाड झाल्यावर तुम्ही सगळ्यांसमोर एकेकाला विचारता ना, तेव्हा तसं होतं." खोलीत कुणीच काही बोलले नाही, आणि मलाही लगेच उत्तर सुचले नाही. मला तोंडावर हे सांगणे त्याला जमले नसते. त्याने ते गळाबद्दल सांगितले, आणि म्हणूनच मला ते ऐकता आले. खाली 'स्टॅबिलिटी' छापलेले असते, तर तो गळ कुणालाच दिसला नसता. त्या आठवड्यापासून बिघाडानंतरची विचारपूस मी सर्वांसमोर करत नाही, आधी मशीनजवळ एकेकट्याशी बोलतो.

एका बाबतीत माझे मत पूर्ण बदलले. दीपस्तंभ, बर्फ, शिडाची होडी ही सगळी परकी चित्रे आमच्या कामाची नाहीत, असे मला सुरुवातीला ठामपणे वाटत होते. म्हणून मी स्वतः वीस छायाचित्रे छापून आणली: घाटातली एसटी, उसाची मोळी, आमच्याच कारखान्याचे गेट, पाण्याचा टँकर. ती बोलण्यासाठी निरुपयोगी ठरली. गेटचे चित्र निघाले की बसच्या वेळेची तक्रार निघे आणि टँकर निघाला की पाणीटंचाईची. चित्र कशासारखे आहे हे कुणी सांगतच नसे, कारण ते काय आहे हे सर्वांना आधीच ठाऊक होते. रूपकाला थोडे अंतर लागते, हे मला त्या वाया गेलेल्या छपाईने शिकवले. वीसपैकी फक्त उसाची मोळी संचात राहिली आहे.

या पद्धतीने बोलणे वाढल्यावर आमच्या वहीतील किरकोळ दोषांच्या नोंदीही वाढल्या आणि वरिष्ठांनी मला त्याचा जाब विचारला. तेव्हा मी कामाच्या ठिकाणच्या तुकड्यांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांच्या अभ्यासाचा आधार घेतला. १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषध देण्याच्या चुका तपासताना त्यांना चांगल्या तुकड्यांमध्ये नोंदलेल्या चुका अधिक आढळल्या होत्या. तिथे चुका जास्त होत नसून त्या मोकळेपणाने सांगितल्या जात असाव्यात, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. वरिष्ठांनी वही परत दिली आणि नोंदी चालू ठेवायला सांगितले.

कार्डांचा कागद जाड आहे, छपाईचे रंग आठ महिन्यांत उतरलेले नाहीत. खोके मात्र दुसऱ्याच महिन्यात फाटले आणि कार्डे आता बेअरिंगच्या रिकाम्या डब्यात असतात. फ्रान्समधील ल्यों शहरात १९६५ मध्ये याच धर्तीची फोटोलांगाज ही पद्धत सुरू झाली तीही साध्या छायाचित्रांवर. त्यामुळे जुन्या कॅलेंडरांची आणि मासिकांची चित्रे जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कुणी आपला संच केला, तर २,८५० रुपये वाचतील. फक्त चित्राखाली काहीही लिहू नये. माझ्या संचातील नांगराच्या कार्डाचा एक कोपरा तेलाने काळा झाला आहे, कारण तेच कार्ड आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा उचलले जाते आणि प्रत्येक जण त्याला वेगळे नाव देतो.