सीएफआय, एफआय की एएफआयआर? प्रशिक्षक व्हायचंय त्यांच्यासाठी

सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) झाल्यावर उड्डाणाचे तास वाढवायला अनेकजण शिकवण्याकडे वळतात. कुठलं रेटिंग (परवान्यावरची जादा पात्रता) घ्यायचं हे ठरवण्याआधी नावांचा घोळ समजून घ्या. अमेरिकेत सीएफआय म्हणजे ‘सर्टिफाइड फ्लाइट इन्स्ट्रक्टर’, प्रशिक्षकाची पहिली पायरी. भारतात सीएफआय म्हणजे ‘चीफ फ्लाइट इन्स्ट्रक्टर’, अख्ख्या फ्लाइंग स्कूलच्या उड्डाण प्रशिक्षणाची जबाबदारी असलेली व्यक्ती. अमेरिकेतून परतल्यावर बायोडेटात नुसतं ‘सीएफआय’ लिहिलंत, तर नसलेल्या पदावर हक्क सांगितल्यासारखं होतं. ‘एफएए (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) फ्लाइट इन्स्ट्रक्टर, सिंगल इंजिन’ असं पूर्ण लिहा; कंसातलं फक्त समजण्यासाठी. एफएएच्या नियमांतलं अधिकृत नावही ‘फ्लाइट इन्स्ट्रक्टर’च आहे. सीएफआयआय (इन्स्ट्रुमेंट) आणि एमईआय (मल्टी-इंजिन) ही बोलीतली नावं. कागदोपत्री ती त्याच सर्टिफिकेटवरची रेटिंग्ज.

अमेरिकन सर्टिफिकेटची खरी ताकद स्वातंत्र्यात आहे: शाळेशी न जोडताही शिकवता येतं. विमानासाठी कमर्शियल सर्टिफिकेट, इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि स्पिनमधून (गिरक्या घेत खाली येण्याच्या स्थितीतून) विमान बाहेर काढण्याच्या प्रशिक्षणाची लॉगबुकातली नोंद लागते. २४ तासांत ८ तासांपेक्षा जास्त उड्डाण-प्रशिक्षण देता येत नाही. १ डिसेंबर २०२४ पासून नव्या सर्टिफिकेटवर मुदत छापत नाहीत, पण दर २४ महिन्यांनी पात्रता ताजी करावीच लागते.

युरोपात ‘एफआय’, म्हणजे फ्लाइट इन्स्ट्रक्टर, सुरुवातीला मर्यादित असतो. कोर्समध्ये किमान ३० तास उड्डाण, त्यातले २५ ड्युअल, म्हणजे शिकवणाऱ्यासोबत. तो देखरेखीखालीच शिकवतो, आणि विद्यार्थ्याच्या पहिल्या सोलोला (एकट्याच्या उड्डाणाला) स्वतः परवानगी देऊ शकत नाही. १०० तास शिकवून आणि विद्यार्थ्यांच्या २५ सोलो उड्डाणांवर देखरेख करून ही बंधनं निघतात. म्हणून युरोपियन प्रशिक्षकाच्या नावापुढे ‘एफआय’ दिसलं, तर मर्यादित की पूर्ण, हे विचारा.

भारतात क्रम असा: आधी एएफआयआर, म्हणजे असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंग, वरिष्ठ प्रशिक्षकाच्या हाताखाली, मग एफआयआर, म्हणजे फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंग. दोन्ही डीजीसीएची (भारताची विमान वाहतूक नियामक संस्था). एअरलाइनमधले टीआरआय (टाइप रेटिंग इन्स्ट्रक्टर), एसएफआय (सिंथेटिक फ्लाइट इन्स्ट्रक्टर) वेगळे: ते ठरावीक प्रकारचं विमान किंवा सिम्युलेटर शिकवतात. सेस्नासारख्या छोट्या प्रशिक्षण विमानावर पहिला सोलो करून घेणं हे त्यांचं काम नव्हे.

बारामती किंवा गोंदियासारख्या ठिकाणच्या फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवायचं असेल तर थेट एएफआयआरच्या मागे लागा. अमेरिकन सर्टिफिकेट दाखवून ते आपोआप मिळत नाही. अमेरिकेत पगारी काम करण्याची परवानगी असेल, तरच तिथला खर्च करा.