हातातल्या कन्सोलवर जुने अ‍ॅडव्हेंचर गेम: स्टीम डेकवर कोणता खेळ, कोणती आवृत्ती

जुने अ‍ॅडव्हेंचर गेम हातात धरायच्या कन्सोलवर घ्यायचे असतील, तर नावाजलेल्या खेळांची यादी समोर ठेवून खरेदीला बसू नये. त्या खेळाची कोणती आवृत्ती आपण डाउनलोड करतो आहोत आणि माउसवर बेतलेले त्याचे तंत्र हातातल्या बटणांवर कसे उतरवले आहे, हे आधी पाहावे. पणजी ते फोंडा बसच्या प्रवासात, पावसाळ्यात वीज गेलेल्या संध्याकाळी आणि चवथीला घरी जमलेल्या मुलांच्या घोळक्यात व्हॉल्व्ह कंपनीचे स्टीम डेक वापरल्यानंतर माझे हे मत पक्के झाले आहे. ज्यांना कथा आणि कोडी आवडतात, पण संगणकासमोर तासन् तास बसणे आता जमत नाही, अशा वाचकांसाठी हे परीक्षण आहे.

यंत्राविषयी थोडक्यात सांगतो. स्टीम डेक फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजारात आले, आणि त्याची ओएलईडी पडद्याची आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये आली. पहिल्या आवृत्तीचा पडदा ७ इंचांचा आहे, दुसरीचा ७.४ इंचांचा, आणि दोन्हींवर १२८० × ८०० पिक्सेल आहेत. व्हॉल्व्हने हे यंत्र भारतात अधिकृतपणे विक्रीला आणलेले नाही. त्यामुळे गोव्यात ते बाहेरून माल मागवणाऱ्या दुकानदाराकडून घ्यावे लागते, नाहीतर आखातात किंवा बोटीवर नोकरीला असलेल्या नातेवाइकाला आणायला सांगावे लागते, आणि दोन्ही वाटांनी वॉरंटीचा प्रश्न उरतोच. खेळांची खरेदी मात्र सोपी आहे, कारण स्टीमच्या दुकानात किमती रुपयांत दिसतात आणि यूपीआयने पैसे भरता येतात.

या जातीच्या खेळांसाठी मी स्टीम डेकला निन्टेन्डो कंपनीच्या स्विच या कन्सोलच्या वर ठेवतो, त्याचे मुख्य कारण म्हणजे अंगठ्याने ढकलायच्या दोन काठ्यांच्या (जॉयस्टिकच्या) खाली बसवलेले दोन चौकोनी ट्रॅकपॅड. उजव्या ट्रॅकपॅडवर अंगठा फिरवला की कर्सर हलतो, आणि मागच्या ट्रिगरवर क्लिक ठेवता येते. १९८७ सालच्या मॅनियाक मॅन्शनपासून ल्युकसआर्ट्स कंपनीचे बहुतेक खेळ कर्सर वस्तूवर नेण्यावरच उभे आहेत. काठीने कर्सर ढकलत टेबलावरच्या किल्लीपर्यंत पोहोचणे हे काम इतके संथ आहे, की कोड्यातला आनंद तिथेच आटतो. स्विचचा पडदा स्पर्शाला प्रतिसाद देतो आणि ज्या खेळांनी त्याचा नीट उपयोग केला आहे ते तिथेही चांगले खेळता येतात; तरीही बोट पडद्यावर ठेवले की बोटाखालची नेमकी तीच जागा झाकली जाते, ही अडचण राहतेच.

पडद्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण खरेदीच्या वेळी या गोष्टीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धातले बहुतेक अ‍ॅडव्हेंचर गेम ३२० × २०० पिक्सेलांत काढलेले आहेत, आणि डेकचा पडदा बरोबर त्याच्या चौपट आहे, दोन्ही बाजूंनी. म्हणजे जुन्या चित्राचा प्रत्येक ठिपका नव्या पडद्यावर सोळा ठिपक्यांचा स्वच्छ चौकोन होऊन उमटतो, कुठेही धुरकटपणा येत नाही. स्विचच्या ७२० ओळींत २०० ओळी साडेतीन पटींहून थोड्या जास्त बसतात, पूर्ण पटीत बसत नाहीत, त्यामुळे तिथे काही ठिपके जाड आणि काही बारीक दिसतात किंवा चित्र किंचित पुसट करावे लागते. परंतु चौपट चित्रही चित्रकाराच्या मनातले चित्र नव्हे. त्या काळचे मॉनिटर ४:३ प्रमाणाचे असल्यामुळे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा उंचीला जास्त असे, आणि चित्रकारांनी चेहरे, कमानी व पूर्ण वर्तुळाचा चंद्र त्या हिशेबाने काढलेले आहेत. जुने खेळ आजच्या यंत्रांवर चालवणाऱ्या स्कमव्हीएम या मोफत प्रोग्रॅममध्ये हे प्रमाण दुरुस्त करण्याची सोय आहे. ती लावली की चित्र सुमारे १०६७ × ८०० होते, दोन्ही कडांना काळे पट्टे उरतात आणि माणसे पुन्हा माणसांसारखी उंच दिसू लागतात. मी स्वतः काळे पट्टे पसंत करतो. धारदार ठिपके हवे की बरोबर आकार, हा निर्णय प्रत्येकाने एकदा दोन्ही लावून पाहून घ्यावा.

अक्षरांच्या बाबतीत जुने खेळ नव्या खेळांहून सरस ठरतात, ही माझ्यासाठी सुखद गोष्ट होती. २०० ओळींच्या चित्रात साधारण आठ ओळींचे अक्षर म्हणजे डेकच्या पडद्यावर तीन ते चार मिलिमीटर उंचीचे अक्षर. चाळिशीनंतरच्या डोळ्यांनाही ते हलत्या बसमध्ये वाचता येते. आजचे कितीतरी मोठे खेळ दिवाणखान्यातल्या टीव्हीसाठी लिहिलेले असल्याने याच पडद्यावर मुंगीएवढी अक्षरे दाखवतात.

आता प्रत्यक्ष खेळांकडे वळतो. पहिली शिफारस ग्रिम फँडँगोच्या २०१५ सालच्या रीमास्टर्ड, म्हणजे नव्या यंत्रांसाठी सुधारून काढलेल्या, आवृत्तीची. टिम शेफर यांचा हा १९९८ सालचा खेळ मृतांच्या लोकात घडतो. मॅनी कालाव्हेरा हा तिथला प्रवास-दलाल नुकत्याच मेलेल्यांना त्यांच्या पुढच्या प्रवासाची तिकिटे विकतो, आणि त्याची कथा चार वर्षांच्या चार खंडांत उलगडते. ल्युकसआर्ट्सने या खेळात माउस पूर्णपणे काढून टाकला होता. पडद्यावर कर्सर नाही, ‘उचल’, ‘उघड’ अशा क्लिक करायच्या क्रियापदांची यादी नाही. मॅनी चालत जातो आणि ज्या वस्तूकडे मान वळवतो ती वस्तू आपण उचलायची किंवा वापरायची. संगणकावरच्या खेळाडूंना तेव्हा ही पद्धत अवघडल्यासारखी वाटली होती. मात्र हातातल्या कन्सोलवर तिच्याइतकी स्वाभाविक दुसरी पद्धत मला सापडलेली नाही. रीमास्टरमध्ये काठी ज्या दिशेला त्या दिशेला मॅनी चालतो, शिवाय ज्यांना हवे त्यांना माउसही परत दिला आहे. चित्रांच्या पार्श्वभूमी जुन्याच आहेत, पात्रांवरचा उजेड मात्र नवा आहे. दुसऱ्या वर्षातले रुबाकाव्हा हे बंदराचे शहर, त्यातले धक्के, मद्यालये आणि रात्रीचे दिवे ओएलईडी पडद्यावर जसे दिसतात, तेवढ्यासाठीसुद्धा हा खेळ घ्यावा. हा खेळ स्विचवरही मिळतो, आणि ज्यांच्याकडे फक्त स्विच आहे त्यांनी सुरुवात इथूनच करावी.

डे ऑफ द टेन्टॅकल (१९९३, रीमास्टर २०१६) हा मी कोणालाही दुसरा खेळ म्हणून सुचवेन, विशेषतः घरात मुले असतील तर. तीन मित्र एकाच वाड्यात, पण एक वर्तमानात, एक दोनशे वर्षांपूर्वी आणि एक दोनशे वर्षांनंतर अडकले आहेत. एका काळात केलेला बदल दुसऱ्या काळात परिणाम दाखवतो, आणि सगळी कोडी याच एका कल्पनेतून उगवतात. रीमास्टर कसे करावे याचा हा वस्तुपाठ आहे: चित्रे, आवाज आणि नियंत्रणाची पद्धत या तीन गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्रपणे जुन्या किंवा नव्या ठेवता येतात. मूळच्या नऊ क्रियापदांऐवजी वस्तूभोवती उमलणारे गोल चक्र हातात धरून खेळताना फार सोयीचे पडते, आणि खोलीतल्या हाताळण्याजोग्या वस्तू उजळून दाखवण्याची सोय असल्याने लहान पडद्यावर एकेक कोपरा चाचपत बसावे लागत नाही. एक गोष्ट आधी सांगून ठेवतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या भागात वॉशिंग्टन, फ्रँकलिन आणि अमेरिकेची राज्यघटना यांच्यावर कोडी बेतलेली आहेत. जॉर्ज वॉशिंग्टन आणि चेरीचे झाड ही अमेरिकेतल्या शाळकरी मुलांची गोष्ट ठाऊक नसेल, तर तिथे अडकणारा माणूस बुद्धीने कमी ठरत नाही. मुलांना ती गोष्ट आधी सांगावी, मग कोडे त्यांच्याकडे सोपवावे. याच खेळात एका खोलीतल्या संगणकावर अख्खा मॅनियाक मॅन्शन खेळता येतो, तो वेगळा लाभ.

मंकी आयलंड या चाच्यांच्या खेळमालिकेच्या बाबतीत माझे मत रूढ शिफारशीपेक्षा वेगळे आहे. पहिल्या खेळाची, म्हणजे रॉन गिल्बर्ट यांच्या १९९० सालच्या द सिक्रेट ऑफ मंकी आयलंडची, २००९ सालची स्पेशल एडिशन नव्या चित्रांत सुंदर दिसते, पण तिने क्रियापदे नजरेआड ठेवली आहेत आणि दर कृतीसाठी ती बोलावून आणावी लागतात. एका बटणाने जुन्या रूपात जाता येते, परंतु त्या रूपात पात्रांचे आवाज बंद होतात. तरीही मी जुन्या रूपातच खेळावे असे म्हणेन. तलवारीपेक्षा जिभेने जिंकायची ती प्रसिद्ध द्वंद्वे वाचूनच रंगतात: समोरच्या चाच्याने टोमणा मारायचा, आपण त्याला चपखल उत्तर शोधून द्यायचे आणि हरत हरत नवे टोमणे शिकत जायचे. दुसऱ्या खेळाच्या २०१० सालच्या आवृत्तीत ही चूक सुधारलेली आहे, आणि तिथे जुन्या चित्रांबरोबर आवाजही ऐकता येतात. २०२२ सालचा रिटर्न टू मंकी आयलंड मुळातच काठी व बटणांचा विचार करून केलेला असल्याने हातात उत्तम बसतो आणि त्यात टप्प्याटप्प्याने सूचना देणारे पुस्तकही आहे, पण पहिले दोन खेळल्याखेरीज तो घेऊ नये.

ज्या खेळाचे रीमास्टर नाही आणि तरीही जो मी आवर्जून डाउनलोड करायला सांगतो, तो म्हणजे इंडियाना जोन्स अँड द फेट ऑफ अटलांटिस (१९९२). खेळात थोडे पुढे गेल्यावर तीन वाटा फुटतात: सोफिया या सहकारी पात्राला सोबत घेऊन, एकट्याच्या बुद्धीने किंवा मारामारीने. मधली ठिकाणे आणि कोडी वाटेप्रमाणे बदलतात, त्यामुळे एकदा संपवून पुन्हा खेळावा असा हा दुर्मिळ अ‍ॅडव्हेंचर आहे. मारामारीची वाट मात्र ट्रॅकपॅडवर कंटाळवाणी होते, ती सोडून द्यावी. अशा खेळांसाठी जीओजी या दुकानातून घेणे मला जास्त पटते, कारण तिथली फाइल कुलूपबंद नसते, एकदा उतरवली की आपली. डेकच्या डेस्कटॉप मोडमधून स्कमव्हीएम बसवावे, खेळाचे फोल्डर त्याला दाखवावे, आणि त्याने ठरावीक वेळाने आपोआप सेव्ह करण्याची सोय बंद करू नये. संवाद भरभर निघून जात असतील तर उपशीर्षकांचा वेगही तिथेच कमी करता येतो. इंग्रजी संवाद सवडीने वाचणाऱ्यांना या एका सोयीने खेळ मोकळा होतो.

ब्रोकन स्वोर्डचा पहिला भाग (१९९६) २०२४ सालच्या रीफोर्ज्ड आवृत्तीत घ्यावा. आयर्लंडमधल्या शेळीचे कोडे बदनाम आहे, तिथे सूचना पाहण्यात कमीपणा मानू नये. फिनिक्स राइट: एस अटर्नी ट्रिलॉजी मुळात २००१ सालापासून जपानमध्ये गेम बॉय अ‍ॅडव्हान्ससाठी, म्हणजे हातातल्याच यंत्रासाठी निघाली, तिच्यात बटण दाबल्याशिवाय संवाद पुढे सरकत नाही आणि कर्सरचे काम नाममात्र आहे, त्यामुळे बसप्रवासाला ती सर्वांत सोयीची.

काही खेळ मात्र या यंत्रावर घेऊ नयेत, कितीही थोर असले तरी. सिएरा कंपनीचे आरंभीचे खेळ, उदाहरणार्थ रोबर्टा विल्यम्स यांचा १९८४ सालचा किंग्ज क्वेस्ट, टंकलेल्या आज्ञांवर चालतात, आणि पडद्यावरच्या कीबोर्डने वाक्ये टंकत बसणे व्यर्थ आहे. सिएराच्या नंतरच्या माउसवरच्या काही खेळांतही पहिल्या प्रकरणात एखादी वस्तू उचलायची राहिली की शेवटच्या प्रकरणात वाट कायमची बंद होते, म्हणून ते घेतलेच तर जुन्या सेव्हवर नवी सेव्ह कधीही लिहू नये. मिस्ट (१९९३) आणि रिव्हन (१९९७) यांना वही, पेन आणि शांत टेबल लागते. ते घरी खेळावे, बसमध्ये नाही.

बॅटरीबद्दल तक्रारीला जागा नाही. पहिल्या डेकमध्ये ४० वॅट-तासांची आणि ओएलईडीमध्ये ५० वॅट-तासांची बॅटरी आहे. हे खेळ यंत्रावर ओझे टाकत नाहीत. फ्रेमची संख्या आणि विजेचा वापर बाजूच्या मेनूतून कमी केला की मोठ्या आधुनिक खेळाच्या कितीतरी पट वेळ ती पुरते. वीजबटण दाबले की खेळ आहे तिथे झोपतो, पुन्हा दाबले की त्याच संवादावर जागा होतो, आणि थांबा आला की बाजूला ठेवता येण्याची ही सोय अ‍ॅडव्हेंचरला फार मानवते. आंतरजाल नसलेल्या घाटवाटेवर जायचे असेल, तर निघण्यापूर्वी प्रत्येक नवा खेळ घरच्या वायफायवर एकदा उघडून पाहावा.

खरेदीनंतर एक काम तेवढे विसरू नये. पूर्वी खोक्यात खेळाबरोबर पुस्तिका येत असे, आणि काही खेळांत ती कथेचाच भाग होती. इंडियाना जोन्स अँड द लास्ट क्रुसेडमध्ये (१९८९) खरा प्याला ओळखण्याच्या खुणा खोक्यातल्या ग्रेल डायरीत होत्या, त्या हाताशी नसतील तर शेवटी अंदाजाने प्याला उचलावा लागतो. जीओजीवर अशा खेळांसोबत पुस्तिकांच्या फायली बहुधा मिळतात. त्या खेळाबरोबरच उतरवून मोबाइलमध्ये ठेवाव्यात, म्हणजे डेकवरचा खेळ मध्येच बंद करून कागद शोधत बसावे लागणार नाही.